शुद्धिपत्रक

डिसेंबर उजाडला की नागपुरातल्या सरकारी कार्यालयांची चाल बदलते. हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर तारांकित प्रश्नांच्या उत्तरांसाठी आकडे मागणारी पत्रे येऊ लागतात आणि त्यांतील बहुतेकांवर ‘अतितातडीचे’ असा शिक्का असतो. अशाच एका सकाळी आमची पाच जणांची समिती सांख्यिकी कामाची जुनी कार्यपद्धती नव्याने लिहायला बसली होती. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने १९९४ मध्ये स्वीकारलेली, महासभेने २०१४ मध्ये मान्य केलेली आणि २०१६ मध्ये आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळानेही स्वीकारलेली अधिकृत सांख्यिकीची दहा मूलभूत तत्त्वे आम्ही आधाराला घेतली होती. निःपक्षपातीपणा, माहिती देणाऱ्यांची गोपनीयता, पद्धतीचा खुलासा ही कलमे भराभर लिहून झाली, कारण त्यांवर कुणाचाच आक्षेप नव्हता. चुकांविषयीही एक वाक्य होते: ‘चुका निदर्शनास आल्यास त्या दुरुस्त कराव्यात.’ ते मीच लिहिले होते आणि मला ते पुरेसे वाटत होते.

साडेअकराच्या सुमारास नरखेडच्या एका संत्रा बागायतदारांचा दूरध्वनी आला. “मॅडम, तुमच्या तक्त्यात काटोलचं क्षेत्र आमच्या नावावर अन् आमचं काटोलच्या नावावर चढलं दिसते,” ते शांतपणे म्हणाले. मी मूळ नोंदी काढून पाहिल्या. त्यांचे म्हणणे बरोबर होते. छापताना जिल्ह्यातील चौदा तालुक्यांचा क्रम बदलला होता. इतर स्तंभ नव्या क्रमाने लावले गेले, पण फळबागांच्या स्तंभात या दोन तालुक्यांचे आकडे जुन्याच जागी राहिले. आमची तपासणी मुख्यतः बेरजेवर चालत असे आणि जिल्ह्याची बेरीज तर अचूक होती, कारण दोन आकड्यांची अदलाबदल झाल्याने बेरीज हलत नाही. शिवाय दोन्ही तालुके संत्र्याचे, त्यामुळे आकडे पाहून शंका यावी असेही काही नव्हते. ज्याची बाग तिथे आहे, त्यालाच ते खटकले.

हा तक्ता आदल्याच दिवशी एका विभागाने अधिवेशनातील उत्तरासाठी नेला होता. आमच्या वरिष्ठांचे मत पडले की संकेतस्थळावरची फाइल बदलावी, त्या विभागाला तोंडी सांगावे आणि विषय संपवावा. ऐन अधिवेशनात शुद्धिपत्रक काढले तर उद्या बातमी होईल. ही भीती खोटी नव्हती, हे मान्य करायला हवे. अडचण अशी की माझे ते वाक्य त्यांच्याच बाजूने उभे राहत होते. फाइल बदलणे हीदेखील दुरुस्तीच होती. दहा तत्त्वांतही नेमका आधार सापडेना. चौथे तत्त्व सांख्यिकी यंत्रणेला आकड्यांच्या चुकीच्या अन्वयार्थावर आणि गैरवापरावर बोलण्याचा हक्क देते, म्हणजे इतरांच्या चुकांवर. स्वतःच्या चुकीसाठी तिथे स्वतंत्र कलम नाही. ब्रिटनच्या सांख्यिकी आचारसंहितेत मात्र दुरुस्त्या शक्य तितक्या लवकर आणि उघडपणे कराव्यात अशी अपेक्षा आहे. तो दाखला मी वाचून दाखवला, पण वरिष्ठांवर परिणाम झाला तो दुसऱ्याच प्रश्नाचा. “साहेब, जुनी प्रत छापून घेतलेला माणूस आणि नवी उतरवून घेतलेला माणूस समोरासमोर आले, तर त्यांपैकी खरा आकडा कुणाकडे आहे हे ते कसे ठरवतील?”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मसुदा मागवला आणि माझे वाक्य स्वतः खोडले. त्या जागी जे आले ते लांबलचक आणि रुक्ष आहे: चूक कळल्यापासून एका कामकाजाच्या दिवसात शुद्धिपत्रक काढावे, त्यावर प्रकाशनास मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचीच सही असावी, जुना व नवा आकडा शेजारीशेजारी द्यावा, जुनी फाइल तारखेसह जपावी आणि ज्यांनी आकडे लेखी मागून नेले त्यांना लेखीच कळवावे. बेरीज जुळली तरी प्रत्येक ओळ मूळ नोंदीशी ताडून पाहावी, हे कलम मी जोडले.

दुपारी तीन वाजता त्या विभागाला पत्र गेले. उत्तर अजून छपाईला गेले नव्हते. नंतर मी नरखेडला दूरध्वनी करून आभार मानले. “ते ठीक आहे मॅडम,” ते म्हणाले, “पण बाकीचे तक्ते पाहिले काय?”

आम्ही ते पाहिले नव्हते. त्या संध्याकाळी आठ वाजेपर्यंत आम्ही पाचही जण, वरिष्ठांसह, मूळ नोंदी घेऊन ओळीमागून ओळ वाचत बसलो आणि पशुधनाच्या तक्त्यात आणखी एक अदलाबदल सापडली.