एक रिपीट चुकला तर?

घरी विमान बांधतोय म्हटल्यावर लोक आधी खर्च विचारतात, मग बायको काय म्हणते ते विचारतात. पण गॅरेजमध्ये येऊन पंखावरून हात फिरवला की जवळजवळ प्रत्येक जण थबकतो आणि म्हणतो, "हे एवढे सगळे रिव्हेट... यातला एखादा चुकला असेल तर?" (रिव्हेट म्हणजे पत्रे एकमेकांना जोडणारी धातूची खिळी, माझ्या तोंडी रिपीट.) पुण्याच्या मावशीने नुसता फोटो बघून फोनवर तेच विचारलं. उभ्याउभ्या मी "काही होत नाही" म्हणून सोडून देतो. ते खरं आहे, पण अर्धंच. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून उरलेलं अर्धं सांगतो.

विमान माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादवांनी बांधलं, त्याच्याशी तुलना करून मला लाजवू नका. त्यांनी स्वतःचं विमान उभं केलं, मी किट जोडतोय. व्हॅन्स एअरक्राफ्टचं आरव्ही-7, दोन सीटचं. कंपनी इथेच, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, अरोरा गावात. माझ्या घरापासून तासाभराच्या आत. इथला नियम असा की निम्म्याहून जास्त काम हौसेने किंवा शिकण्यासाठी म्हणून केलेलं असेल, तरच ते 'एक्स्पेरिमेंटल' म्हणून नोंदवता येतं. पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे कणाच, कारखान्यातून जोडून येतो, सोनेरी अ‍ॅनोडाइझ केलेला. पंख वर वाकवणारा जोर मुख्यतः तो पेलतो. पंखावर मढवलेला पत्रा त्याला पिळवटू देत नाही. हा पत्रा रिबांवर, म्हणजे पंखाच्या फासळ्यांवर बसवायचं काम माझं.

पत्रा 0.025 ते 0.032 इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास. रिपीट 3/32 इंची, तांदळाच्या दाण्याहून थोडा जाड. (रिव्हेटला रिपीट म्हणायची सवय मला बाबांची. ते दापोडीला एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी सेक्शनला होते.) भोकं कारखान्यातच पाडलेली असतात, तरी प्रत्येक भोक ड्रिलने साफ करायचं, दोन्ही बाजूंनी बर, म्हणजे कडेला उरलेली खरखर काढायची आणि मग डिंपल मारायचा. रिपीटचं डोकं पत्र्याशी सपाट बसावं म्हणून भोकाभोवती खळगा हवा. जाड धातूत तो कापून काढतात. इतक्या पातळ पत्र्यात कापला तर भोकाची कड सुरीसारखी धारदार उरते आणि तिथूनच चीर जाते. म्हणून कापायचं नाही, साच्यात दाबून वाटी करायची. रिबेलाही तशीच वाटी. वाटीत वाटी बसली की मग रिपीट.

1988 मध्ये हवाईत एका बोइंग 737च्या छताचा मोठा तुकडा हवेतच उडाला. त्या विमानाच्या पत्र्याच्या सांध्यात रिपीटच्या भोकांच्या अशाच धारदार कडा होत्या. एका भोकाची चीर शेजारच्या भोकाच्या चिरेला मिळाली, ती पुढच्या. एरवी एक रिपीट चुकला, तर शेजारचे दोघे त्याचं ओझं उचलतात. तीच चूक ओळीने केली, तर उचलायला शेजारी कोण उरतो?

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले. वय 71. पहिले चार दिवस जेट लॅग, पाचव्या दिवशी गॅरेजमध्ये. चंदेरी क्लिको लावून पत्रा तात्पुरता धरलेला होता, शेकडो क्लिको, साळिंदरासारखा. ते बघून म्हणाले, "एवढ्या पिना? आम्ही चार नटबोल्ट लावायचो." मग रिपीट हातात घेऊन म्हणाले, "डोकं लपवायचं कशाला?" एसटीला गोल डोक्याचे रिपीट चालतात, एसटीला वाऱ्याची फिकीर नसते. मी हॉवर्ड ह्यूजचं 1935 चं एच-1 विमान सांगितलं, सपाट रिपीट, गुळगुळीत पंख, ताशी 352 मैलांचा विक्रम. "बरं," म्हणाले. पटलं असं वाटलं नाही.

वरचे पत्रे आम्ही निर्धास्त मारले. रिपीट ठोकायची गन माझ्याकडे, आत डॉली त्यांच्याकडे. डॉली म्हणजे तळहातात मावणारा टंगस्टनचा ठोकळा. दिसायला छोटा, हातात घेतला की मनगट खाली जातं. बाहेरून गन टकटकते, आत रिपीटची शेपटी डॉलीवर चेपून पसरते. शेपटी व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मी उंच हवी. कानावर मफ असल्यामुळे बोलणं नाही. म्हणून बाबांनी त्यांची जुनी खूण काढली: पत्र्यावर एक टिचकी म्हणजे आणखी मार, दोन म्हणजे झाला, तीन म्हणजे काढ. गंमत म्हणजे टिचकीच्या आधीच कळायला लागतं. शेपटी पुरती बसली की आवाज बदलतो, ठणठणीतून भरीव होतो.

एकदा बाबांनी रिबेवर पेन्सिलने खूण केली आणि मी ओरडलो. अ‍ॅल्युमिनियमवर शिसपेन्सिल चालत नाही, ग्राफाइटने धातू गंजतो. "तीस वर्षं केली मी खूण," ते म्हणाले. अ‍ॅसिटोन लावून पुसली आणि मार्करने काढली. दुपारी जेवताना बोलले नाहीत.

खालचा पत्रा मात्र सगळ्यांना घाम फोडतो. वरची बाजू बंद झालेली असते, त्यामुळे अर्धवट बसवलेला पत्रा वाकवून धरायचा आणि त्या फटीतून कोपरापर्यंत हात आत. डोळ्यांना काही दिसत नाही, बोटांनीच शेपटी शोधायची. बाबांच्या हातावर तीन ठिकाणी ओरखडे आले. आईने व्हिडिओ कॉलवर पाहिले आणि माझा उद्धार केला.

तिसऱ्या रिबेवर एक शेपटी कलती बसली. बाबांनी दोन टिचक्या दिल्या होत्या: झाला. मी नंतर छोट्या आरशातून टॉर्च मारून पाहिलं. पसरलेली पुरेशी, उंचीही गेजमध्ये बसणारी, फक्त एका बाजूला झुकलेली. मी म्हटलं काढतो. बाबा म्हणाले, "राहू दे. घट्ट आहे."

ऐकलं नाही. रिपीट काढायचा तर डोक्याच्या मध्यावरची बारीक खळी धरून, फक्त डोक्याच्या जाडीइतकंच ड्रिल करायचं, मग पंच घालून डोकं तोडायचं आणि खोड हलकेच ठोकून काढायचं. ड्रिल किंचित सरकलं. दुसरा रिपीट त्या सैल भोकात वाकला. तोही काढला. आता भोक गोल राहिलं नव्हतं, आठच्या आकड्याकडे झुकलं होतं. शेवटी लहान डोक्याचा पण जाड खोडाचा रिपीट घातला. इथे त्याला 'ऊप्स' रिपीट म्हणतात, म्हणजे हा प्रकार मी शोधून काढलेला नाही. बाबा एक शब्द बोलले नाहीत. त्याच ओळीत पुढे आणखी एक शेपटी तशीच कलली, तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डॉली खाली ठेवली आणि चहा करायला आत गेले. तो रिपीट मी राहू दिला.

शेवटची फट बंद करण्याआधी आमच्या गावातल्या ईएएच्या, म्हणजे हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेच्या शाखेचे एक जुने मेकॅनिक पंख तपासायला आले. मी त्यांना मुद्दाम काही सांगितलं नाही. आरसा आणि टॉर्च घेऊन तासभर आत बघत होते. कलत्या रिपीटवरून त्यांचा आरसा न थांबता पुढे गेला. तिसऱ्या रिबेवरच्या 'ऊप्स' रिपीटशी थांबला. "इथे काय केलंस?" मी सांगितलं. ते म्हणाले, पहिला होता तसा ठेवायला हवा होतास. आता जे आहे ते चालेल, पण पुन्हा हात लावू नकोस. शिवाय ड्रिल सरकलं तिथे त्यांनी शेजारच्या दोन्ही रिपीटभोवती भिंगाने चीर शोधली, ती नव्हती. कलत्याला त्यांनी भिंगही लावलं नाही.

म्हणून मावशीला "काही होत नाही" म्हणताना मी जरा चाचरतो. चुकलेल्या रिपीटपेक्षा चूक सुधारायला धावलेल्या हाताने माझ्या पंखात जास्त बिघाड केलाय. सगळे मिळून दहा हजारांच्या वर रिपीट आहेत, त्यातले वाकडे किती हे मला पाठ आहे. पण रात्री आठवतो तो एकच, आणि तो वाकडा नाही.

बाबा ऑगस्टमध्ये परत गेले. रविवारी फोन असतो. इंजिन आलं का, रंग कोणता, यात त्यांना रस नाही.

"तो पुढचा, कलता. कसा आहे?"

"आहे तसाच आहे."

"मग राहू दे," म्हणतात, आणि फोन आईकडे देतात.