पुंगू: एकाच सरोवराचा रहिवासी

विवरात साचलेले सरोवर म्हटले की मराठी माणसाला लोणार आठवते. परंतु लोणारचे विवर उल्कापाताने झालेले आणि त्याचे पाणी खारे, तर कॅमेरूनमधील कुंबा शहराजवळचे बारोंबी म्बो हे ज्वालामुखीच्या मुखात साचलेले गोड्या पाण्याचे सरोवर, जेमतेम अडीच किलोमीटर रुंद आणि सुमारे ११० मीटर खोल. एवढ्याशा पाण्यात सिक्लिड कुळातील माशांच्या अशा ११ जाती राहतात, ज्या जगाच्या पाठीवर इतरत्र कोठेही आढळत नाहीत. या जाती त्या सरोवरातच एका समान पूर्वजापासून फुटत गेल्या असाव्यात, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसून आले.

त्यांतला पुंगू मला विशेष प्रिय आहे आणि त्याचे एक कारण त्याचे नाव हेही आहे. ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ एथेलविन ट्रेवावस यांनी १९७२ मध्ये येथील माशांचे वर्गीकरण करताना पुंगू, म्याका ही बारोंबी कोळ्यांच्या तोंडची नावेच प्रजातींना दिली. कोळ्यांना हे मासे वेगवेगळे आहेत हे आधीपासून ठाऊक होते. शास्त्राने त्यावर उशिरा शिक्का मारला, इतकेच.

पुंगूचे दात दणकट असतात, कारण तो सरोवराच्या काठालगतच्या खडकांवर वाढणारे स्पंज, म्हणजे एका जागी चिकटून राहणारे साधे जलचर प्राणी, खातो. माशांमध्ये हा आहार दुर्मीळच. त्याचा शेजारी, डिकुमे नावाचा मासा, खोल, प्राणवायू अत्यल्प असलेल्या पाण्यात शिरून अळ्या टिपतो आणि तेथे तग धरता यावा म्हणून त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन भरपूर असते.

पुंगूची गणना आज अतिसंकटग्रस्त जातींत होते. विवराच्या उतारावरचे जंगल शेतीसाठी तुटले की पावसाबरोबर माती सरोवरात उतरते, आणि पाणी गाळून अन्न मिळवणाऱ्या स्पंजाला गाळासारखा दुसरा शत्रू नाही. कुंबा शहराला पाणीही येथूनच पुरवले जाते. याच देशातील न्योस या अशाच विवर-सरोवरातून १९८६ मध्ये कार्बन डायऑक्साइड उसळून सुमारे १,७०० माणसे गुदमरून मेली. तसे काही येथे घडले, तर या माशांना पळून जायला दुसरे पाणी नाही.

परदेशांतील काही हौशी मंडळी काचेच्या टाक्यांत पुंगू पाळतात. त्याने वंश कदाचित टिकेलही. पण स्पंज खरवडण्यासाठी घडलेल्या त्या दातांना टाकीत तयार खाद्याचे दाणेच चघळावे लागतात.