मधला वेळ जातो कुठे? डीआयडीच्या निदानापर्यंतचा माझा अनुभव

डीआयडी, म्हणजे डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. एकाच माणसाचे वेगवेगळे "भाग" आळीपाळीने पुढे येतात आणि मधलं आठवत नाही, असा हा मानसिक आजार. त्याचं नाव घेतलं की लोकांना सिनेमातली बाई आठवते. केस मोकळे, डोळे फिरलेले, आवाज घोगरा. माझ्या बाबतीत सगळ्यात ठळक पुरावा निघाला तो टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नॅरेशनचा, म्हणजे प्रत्येक नोंदीखाली लिहायच्या तपशिलाचा. मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि नॅरेशन लिहायचा मला मनापासून कंटाळा. बिल नंबर टाकला की माझं काम झालं. पण अधूनमधून माझ्याच लॉगिनवर अशी व्हाउचर दिसायची की माल कोणाचा, चलन कुठलं, फोनवर कोणाशी काय ठरलं, सगळं साग्रसंगीत. साहेब खूश. मला मात्र ती अख्खी दुपारच आठवायची नाही.

तसंच लोकलचं. संध्याकाळी ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडायची आणि घणसोलीला उतरायचं, वर्षानुवर्षांचा शिरस्ता. तरी कधीकधी भानावर यायचे ती नेरूळच्या प्लॅटफॉर्मवर, हातात कसल्यातरी खरेदीची पिशवी. "डुलकी लागली असेल," असं सगळे म्हणायचे. डुलकीत कोणी यूपीआयचा पिन टाकत नाही हो.

नवऱ्याच्या मते हा कामाचा ताण. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाहेरचं काही आहे का ते एकदा बघून घेऊ." त्यांच्या गावी जत्रेत एका बाईंच्या अंगात देवी येते, त्यामुळे त्यांना यात अघटित काही वाटलं नाही. मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढून झाली. त्याचा मला राग आला नाही; निदान त्या घडतंय ते खरं मानत होत्या.

मग डॉक्टरांची फेरी. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन तपासलं. न्यूरॉलॉजिस्टने ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघायची तपासणी) सांगितला, आणि तो गरजेचाच होता: काही प्रकारच्या फिट्समध्ये माणूस खाली पडत नाही, हातपाय झाडत नाही, काहीतरी करत राहतो आणि नंतर त्याला त्यातलं काही आठवत नाही. केसांत ती चिकट पेस्ट घेऊन घरी आले, पुढे एमआरआयही झाला. सगळं नॉर्मल. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. मला रडू आलं, कारण आता दाखवायला काहीच उरलं नव्हतं.

पहिल्या मानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं, आवाज ऐकू येतात का? येतात म्हटलं. डोक्यात वाद चालल्यासारखे, त्यातला एक सतत मला "आळशी" म्हणणारा. स्किझोफ्रेनिया धरून गोळ्या सुरू झाल्या. वजन वाढलं, दिवसभर गुंगी, आवाज होते तिथेच. असं माझ्या एकटीच्याच बाबतीत झालं असं नाही. डीआयडीच्या कितीतरी पेशंटना आधी दुसऱ्याच आजाराचं निदान मिळतं, कारण आवाजांबद्दल विचारलं जातं आणि हरवलेल्या वेळाबद्दल नाही. तो आपणहून कोण सांगणार? मला तर वाटायचं, सगळ्यांचंच असं होत असेल.

तो प्रश्न विचारला वाशीतल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमनी. "मधला वेळ गहाळ होतो का?" पुढे त्यांनी 28 प्रश्नांची एक प्रश्नावली दिली. कुठेतरी पोचल्यावर इथे कसे आलो ते कळत नाही, आपल्या वस्तूंत न आठवणारी खरेदी सापडते, अशा गोष्टी किती टक्के वेळा होतात, 0 ते 100 मध्ये सांगायचं. मी भराभर भरत गेले आणि एका ठिकाणी थांबले, कारण माझी नेरूळची पिशवी कोणीतरी आधीच छापून ठेवली होती. ही प्रश्नावली 1986 पासून वापरात आहे, पण तिच्यावरून निदान होत नाही. 30 च्या वर सरासरी गेली तर सविस्तर तपासणी करायची, एवढंच. ती तपासणी बरेच महिने चालली.

मॅडमनी समजावलं ते असं: एका शरीरात चार माणसं भाड्याने राहतात असं नाही. लहान मुलाची "मी" ही जाणीव हळूहळू एकसंध होत जाते. त्या वयात पुन्हापुन्हा असह्य काही घडत राहिलं तर ती जुळायचीच राहते. आठवणी, भीती, राग वेगवेगळ्या कप्प्यांत पडून राहतात. माझ्या बाबतीत काय घडलं ते इथे लिहिणार नाही. आम्ही ते अजून थेरपीतही उकरलेलं नाही, आणि तेच योग्य आहे. आधी स्थिरता, मग आठवणींवर काम, मग जोडणी, असा उपचारांचा क्रम असतो. डीआयडीवर म्हणून वेगळी गोळी नाही. त्या जुन्या गोळ्या डॉक्टरांनीच हळूहळू कमी केल्या. आता झोप आणि नैराश्यासाठी आहे तेवढंच औषध.

स्थिरतेसाठी मॅडमनी एक वही ठेवायला सांगितली. जो भाग पुढे असेल त्याने त्यात लिहायचं. काही दिवसांनी वहीत डावीकडे झुकलेल्या अक्षरात सापडलं: "चलनं लावली. उरलेलं उद्या बघतो." मी जन्मभर "बघते" म्हणत आले. वही मिटली, चहा टाकला, पुन्हा उघडून वाचली. मग खाली लिहिलं, "ठीक आहे, पण सहाची गाडी चुकवू नकोस." एवढं लिहायला मला जो धीर लागला, तो ईईजीला लागला नव्हता.

एका सेशनला सासूबाई आल्या आणि त्यांनी थेट विचारलं, "मग आमच्या गावच्या त्या बाई वेड्या का?" मॅडम म्हणाल्या, "आई, मी त्यांना आजारी म्हणणार नाही. त्यांचं जत्रेत येतं, सगळ्यांना मान्य असतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या शेतावर जातात. तुमच्या सुनेचं कधीही येतं, तिला नको असताना येतं, आणि त्याने तिचं आयुष्य विस्कटतं." निदानाच्या निकषांतही हा फरक केलेला आहे: समाजाने मान्य केलेल्या धार्मिक प्रथेचा भाग असेल तर तो आजार धरत नाहीत. सासूबाईंना ते पटलं. दृष्ट अजून काढतात.

पैशांचं मात्र कोणी आधी सांगत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे, पण माझी पॉलिसी अॅडमिट झाल्यावरच पैसे देते आणि थेरपीसाठी कोणी अॅडमिट होत नाही. फी खिशातूनच जाते. रात्री फार बिघडलं की मी 14416 लावते. ती सरकारची टेलिमानस सेवा, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या व्यक्तीला डीआयडी समजावत बसावं लागलं नाही. पाय जमिनीला टेकवा, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्या, एवढ्यावरही ती रात्र निघाली.

वेळ अजूनही हरवतो, पण कमी, आणि हरवला तर बहुतेक वेळा वहीत सापडतो. नवरा विचारतो, सगळे भाग एक कधी होणार. मॅडमचं म्हणणं, एक व्हायलाच हवेत असं नाही, आपसांत जुळवून घेतलं तरी जगता येतं. मार्चअखेरीला टॅलीचं काम कोणी करायचं यावर सध्या वहीत बोलणी चालू आहेत.