गॅरेजमध्ये पोऱ्या नाही

कराडला मामांच्या गॅरेजमध्ये इंजिन उतरवायचं म्हणजे आधी एक आरोळी जायची, "या रे सगळी!" हातातलं काम टाकून पोरं धावायची. एक चेनकप्पीची साखळी ओढणार. दुसरा गाडीखाली आडवा होऊन गिअरबॉक्सखाली पहार लावून धरणार. तिसरा इंजिनाला मिठी मारून पुढं खेचणार. चौथ्याच्या हातात बॅटरी, आणि हा चौथा म्हणजे बहुतेक वेळा सुट्टीला आलेला मी. सामान म्हणाल तर तीन पाइपांची तिपाई, एक कप्पी आणि पंक्चरच्या पलीकडे गेलेले दोन टायर.

ओहायोतल्या माझ्या घराला दोन गाड्या मावतील असं गॅरेज आहे. मामांनी उभ्या आयुष्यात पाहिली नसतील इतकी हत्यारं भिंतीवर टांगलेली आहेत. पोऱ्या मात्र एकही नाही. इथे माणूस बोलावला की तासाचं मीटर सुरू होतं, आणि ते आपल्या पगाराला झेपणारं नसतं. मित्रांना बोलावता येतं, पण ते शनिवारी दुपारी येतात, चहा पितात, इंजिनासोबत फोटो काढतात आणि जातात. त्यामुळे गेला हिवाळाभर मी एकच उद्योग केला. स्वस्तातली हत्यारं आणली आणि एकेकाला मामांच्या एकेका पोराचं काम शिकवलं.

गाडीचं सांगतो. मी राहतो ते गाव टोलेडोला लागून आहे. विलीज-ओव्हरलँडचा कारखाना इथलाच; जीप इथेच बनायची आणि आजही रँग्लर इथेच बनते. जुना कारखाना पाडला, पण विटांत 'ओव्हरलँड' अशी उभी अक्षरं असलेलं एक धुरांडं तेवढं ठेवलंय. रोज कामावर जाताना ते दिसतं, आणि दिसलं की मला मामांचं गॅरेज आठवतं, कारण विलीजच्या परवान्यावर महिंद्रने मुंबईत ज्या जीपा बांधल्या त्यांच्यावरच आमच्या मामांचं घर चाललं. उंच नाकाची सीजे-३बी ही जीप टोलेडोत १९५३ ते १९६८ बनली. आपल्याकडे तर ती त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिली. तिच्यातलं पेट्रोल हरिकेन इंजिन काढून डिझेल बसवणं हा मामांचा निम्मा धंदा होता. त्यामुळे गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या कोठारात गंजत पडलेली ३बी दिसली तेव्हा मी किंमत फार ताणली नाही. बायकोने विचारलं, "ही चालते?" म्हटलं, "चालेल."

इंजिन बाहेर काढायला घडीची क्रेन आणली, दोन टनी. इथे स्वस्त हत्यारांची जी दुकानं असतात त्यांतलीच एक. लाल रंग, चायना माल, खोक्यात नट-बोल्ट दोन कमी. या क्रेनवर लिहिलेले दोन टन खरे असतात ते दांडा पूर्ण आत असताना. इंजिनापर्यंत पोचायला तो भोकाभोकाने बाहेर ओढला की ताकद उतरत उतरत शेवटच्या भोकाला अर्ध्या टनावर येते. हरिकेनचं ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचं, पण अर्धा टन त्याला भरपूर.

त्रास दुसरीकडेच होता. क्रेनचा दांडा उचलतो तो हायड्रॉलिक जॅक, हाताने पंप मारून चढवायचा. तो खाली सोडायचा वॉल्व्ह त्या पंपाच्या दांडीच्या टोकाने पिळायचा असतो. केसभर पिळलं तर काही होत नाही, दोन केस पिळलं की इंजिन धाडकन वीतभर खाली. कप्पीच्या साखळीवरचा पोरगा "सोड... सोड... बास" एवढ्यावर नखभर इंजिन खाली घ्यायचा. ते इथे कोण करणार? मग वॉल्व्हवर घट्ट बसेल असा पाइपचा तुकडा खाच पाडून घेतला आणि त्याला आडवी फूटभर दांडी जोडली. आता दांडीचं टोक चार बोटं सरकवलं तेव्हा कुठे वॉल्व्ह जरासा हलतो. खर्च शून्य, वेळ अर्धा तास, आणि सगळ्या हिवाळ्यातली सगळ्यात कामाची सुधारणा हीच ठरली. त्याआधी वॉल्व्ह उघडा ठेवून पंधरावीस वेळा नुसता पंप मारून जॅकमधली हवा काढली, तेही नव्या जॅकला करावंच लागतं. नाहीतर तो उचक्या दिल्यासारखा चढतो.

इंजिनाला मिठी मारणाऱ्या पोराची जागा लेव्हलरने घेतली. लेव्हलर म्हणजे आडवी पट्टी, तिच्यात लांब स्क्रू, टोकाला हँडल. हँडल फिरवलं की टांगायची कडी पुढंमागं सरकते आणि इंजिन त्याप्रमाणे नाक वर-खाली करतं. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून सुटेपर्यंत इंजिन अगदी सरळ रेषेत पुढं यावं लागतं, म्हणून हे लागतं. पण स्वस्तातल्या लेव्हलरचं हँडल पूर्ण फिरतच नाही, प्रत्येक फेऱ्याला साखळीला नाहीतर फायरवॉलला, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याला, आपटतं. मी ते कापून टाकलं, स्क्रूच्या टोकाला नट वेल्ड केला आणि त्यावर सॉकेट लावून बॅटरीचं ड्रिल चालवलं. स्क्रूला भरपूर ग्रीस. घर्र केलं की नाक वर, उलटं घर्र केलं की खाली.

वेल्डिंगबद्दल एक सांगून ठेवतो, कारण व्हिडिओ पाहून कोणी उठेल आणि करेल. ज्या जोडावर वजन टांगलेलं असतं तिथे मी माझं वेल्डिंग करत नाही. तिथे भोक आणि बोल्ट. माझं वेल्डिंग हँडलापुरतं. दुसरं, ब्रेक क्लीनर फवारलेल्या लोखंडावर आर्क पेटवू नका. त्यातल्या काही डब्यांत क्लोरीनवालं द्रावण असतं आणि उष्णतेने त्याचा फॉस्जीन होतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला तोच वायू. मला हे शेजारच्या आजोबांनी सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, माझ्या हातातून डबा घेतला, उलटा केला आणि मागची बारीक अक्षरं मला मोठ्याने वाचायला लावली. बाहेर उणे बारा, गॅरेजचं दार बंद, आणि मी शाळेत धडा वाचावा तसा उभा.

इंजिन बाहेर आलं. आता ते टांगायचं होतं इंजिन स्टँडवर. एक उभा खांब, त्याला आडवी फिरणारी नळी, नळीच्या तोंडाला चार हात असलेली थाळी. क्लच आणि फ्लायव्हील काढून इंजिनाची मागची बाजू त्या चार हातांना बोल्टने आवळायची. मग इंजिन हवेत, चारी बाजूंनी मोकळं, हवं तर उलटं करा. खोक्यातले बोल्ट मी थेट डब्यात टाकले, डोक्यावर मजबुतीची कसलीच खूण नव्हती. हार्डवेअरच्या दुकानातून ग्रेड आठचे आणले, डोक्यावर सहा रेघा असतात ते. ग्रेड पाचला तीन. आटे ब्लॉकमध्ये निदान बोल्टच्या जाडीच्या दीडपट खोल जातील एवढी लांबी घेतली. इथे सगळं इंचाच्या अपूर्णांकात, आणि मला त्याचा काडीचा त्रास झाला नाही. मामांकडे तीन सुती बोल्ट, चार सुती पाना हेच ऐकत वाढलो. आठ सूत म्हणजे इंच. दुकानातला माणूस कॅल्क्युलेटर काढायच्या आत मी थ्री-एटचा बोल्ट उचललेला असतो.

सगळ्यात स्वस्त स्टँड तीन चाकांचं असतं, ७५० पौंडी, म्हणजे ३४० किलो पेलणारं. मी अर्थातच तेच आणलं. मागे दोन चाकं, पुढे मध्यभागी एकच, लिंबाएवढं. ज्या दिवशी इंजिन चढवलं त्याच संध्याकाळी ते दिव्याखाली घ्यावं म्हणून ढकलायला लागलो. इथल्या गॅरेजच्या काँक्रीटमध्ये मुद्दाम पाडलेल्या चिरा असतात, फरशी भलतीकडे तडकू नये म्हणून. जेमतेम करंगळी जाईल एवढी फट. ते लिंबू बरोबर त्या फटीत उतरलं आणि थांबलं. मी थांबलो नव्हतो. स्टँडची मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली गेलेली मला दिसली. मग एक चाक पुन्हा टेकलं आणि सगळा डोलारा त्या बाजूला, सावकाश, कलायला लागला. इतका सावकाश की मला वाटलं मी धरीन. मामांचं एकच वाक्य हजारदा ऐकलेलं, "पडतंय ते पडू दे, हात घालू नगंस." मी मागे उडी मारली. स्टँड कललं ते वर्कबेंचच्या कडेला टेकलं आणि तिथेच राहिलं. ऑइलची एक बारीक धार हळूहळू चिरेच्या दिशेने गेली. क्रेन आणून त्याला सरळ करेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले.

दुसऱ्या दिवशी पुढचं चाक काढलं. दोन इंची चौकोनी पाइप, सूतभर जाडीचा, अडीच फूट लांब. तो पुढच्या टोकाला आडवा, दोन यू-बोल्ट आणि खालून जाड पट्टी. दोन्ही टोकांना चार इंची ब्रेकवाली चाकं. मागची चाकंही बदलली, नाहीतर स्टँड मागे झुकतं. चाकं आणि बोल्ट मिळून जेवढे पैसे गेले तेवढ्यात चार चाकांचं नवं स्टँड आलं असतं. हे बायकोने मला सांगितलं. मला ते आधीच कळलं होतं, पण मी बोललो नव्हतो.

मग फिरवण्याची गोष्ट. स्टँडची नळी खांबातल्या नळीत कोरडी, रंगासकट बसवलेली. नळी अडवून धरणारी पिन काढून, भोकात टॉमी म्हणजे सळई घालून पिळायचं. हलत नाही, हलत नाही, आणि मग एकदम गर्रकन फिरतं. बिडाचं हेड वर असल्याने इंजिनाचं वजन वरच्या अंगाला, नळीच्या मध्यापासून दूर. पहिला उपाय फुकटचा. थाळीचे चार हात खालीवर सरकतात, तेव्हा इंजिन चढवतानाच नळीचा मध्य वजनाच्या मध्यापाशी येईल असं आवळायचं. मी पुस्तकात पाहून क्रँकच्या मध्यावर धरलं होतं, ते दोन बोटं वर घेतलं आणि अर्धी लढाई संपली. दुसरा उपाय, नळीचा रंग घासून काढला, खांबाच्या नळीला भोक पाडून आटे मारले आणि ग्रीस निप्पल बसवला.

तिसरा उपाय हौसेचा. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या लिलावात वर्म गिअरबॉक्स मिळाला, एकास चाळीस. वर्म म्हणजे स्क्रूसारखा दांडा, तो दात्यांचं चाक फिरवतो. फिरणाऱ्या नळीच्या मागच्या टोकात जाड सळई घातली, टॉमी घालायच्या भोकातूनच आरपार बोल्ट मारला, आणि सळई गिअरबॉक्समध्ये. त्याचा फिरू पाहणारा देह खांबाला बांधला. आता हँडल दहा वेळा फिरवलं की इंजिन पाव फेरा घेतं, वीस फेऱ्यांत उलटं. एका हाताने. सोडून दिलं तरी तिथेच राहतं, कारण वर्म उलटा फिरत नाही. तरीही काम करताना मी पिन घालतोच. माझा गिअरबॉक्सवर विश्वास आहे, लिलावावर नाही. इंजिनाखाली ठिबकणाऱ्या ऑइलसाठी स्वयंपाकघरातली मोठी स्टीलची परात गेली. ती मी लेकाच्या बारशाला इंडियन स्टोअरमधून आणली होती. त्या विषयावर घरात अजून बोलणं चालू आहे.

एवढं सगळं केल्यावर हेड निघेना. सगळे बोल्ट काढले, लाकडी ठोकळा ठेवून हातोडी मारली, दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेसात, मामा अंगणात चहा पीत. मी दिमाखात वर्मचं हँडल फिरवून इंजिन उलटंसुलटं करून दाखवलं.

"लई झ्याक," मामा म्हणाले. "वजन कुणी धरलंय?"

"कुणी नाही मामा. गिअरबॉक्सने."

"बरं. आन हेड का निघंना म्हणतोस? कार्बोरेटर काढलास न्हवं? त्याच्या खालच्या तोंडात बोट घाल."

घातलं. आत एक बोल्ट होता. हरिकेनमध्ये इनटेकची वाट हेडमध्येच ओतलेली असते, आणि हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या बरोबर खाली, त्या वाटेच्या आत लपलेला. चाळीस वर्षं शेकडो हेडं काढलेल्या माणसाने चहाचा घोट घेता घेता सांगितलं. दहा मिनिटांत हेड हातात.

आता इंजिन बांधून होत आलंय. रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह झाले. राहिलं मागचं ऑइल सील, फ्लायव्हील आणि क्लच. आणि ही सगळी कामं इंजिनाच्या नेमकी त्या बाजूची, जिथे स्टँडचे चार हात आवळलेले आहेत. स्टँडवर असेपर्यंत ती करताच येत नाहीत. मामांना विचारलं तर म्हणाले, "टायर न्हाईत काय तिकडं?"

इथे जुना टायर टाकून द्यायलाही पैसे मोजावे लागतात, त्यामुळे टायरवाल्याने एक मागितला तर खुशीने दोन दिले. परवा क्रेनची फूटभर दांडी बोटाने सरकवत इंजिन नखभर नखभर खाली घेतलं. स्टँड कोपऱ्यात ढकललंय, हँडलावर माझा कोट लटकतोय, आणि हरिकेन टायरवर बसलंय.