बॉनेट उघडं ठेवा, मेळावा आहे

आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाच्या मेळाव्याला नियम एकच, मैदानात गाडी लावली की बॉनेट उघडायचं आणि निघेपर्यंत बंद करायचं नाही. बाकी सगळं चालतं. गाडीला पोचे असले तरी चालतात, रंग उडालेला चालतो, लांबी (पुट्टी) मारून तशीच ठेवलेली गाडी चालते, कुणी टो करून आणली तरी कुणी काही म्हणत नाही. फक्त बॉनेट उघडं पाहिजे. कारण बॉनेट उघडं दिसलं की माणसं आत डोकावतात, डोकावली की काहीतरी विचारतात, आणि एकदा विचारलं की मग ते बोलणं संपतच नाही, जेवायची पानं मांडून झाली तरी कुणी हलत नाही, मग कुणालातरी हाताला धरून आणायला पाठवावं लागतं.

मुंबईत मोठ्या रॅली होतात, त्यात संस्थानिकांच्या गाड्या येतात, रोल्स-रॉइस, पॅकार्ड वगैरे, त्या बघायला मलाही मनापासून आवडतात. पण त्यांना हात लावायची सोय नसते. आमच्याकडे येणाऱ्या गाड्या म्हणजे तुमच्या-आमच्या घरातल्या, आजोबांनी कितीतरी वर्षं नंबर लावून मिळवलेल्या. फियाट सगळ्यात जास्त, मग अॅम्बेसेडर, थोड्या मॉरिस मायनर, एखाददुसरी स्टँडर्ड हेराल्ड, आणि जीप तर असतेच. महाराष्ट्रात फियाट जास्त असणारच हो, ती बनलीच आपल्या कुर्ल्यात. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, आधी डॉज आणि प्लिमथ जुळवल्या, मग फियाटशी करार झाला आणि 1954 च्या सुमारास ती गोल पाठीची 1100 आली, जिला आपण सगळे डुक्कर फियाट म्हणतो. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, 1964 ला डिलाइट, आणि सत्तरीत प्रेसिडेंट होऊन शेवटी पद्मिनी. इंजिन मात्र तेच राहिलं, 1089 सीसीचं, चार सिलिंडर. आमच्याकडे एक काका येतात ज्यांची हयात कुर्ल्याच्या त्या फॅक्टरीत गेली, ते कुठल्याही फियाटपाशी उभे राहून दार उघडतात, बंद करतात आणि नुसत्या आवाजावरून सांगतात की बिजागरी बदललीय की मूळची आहे. आम्ही दर वर्षी हे बघतो आणि दर वर्षी गर्दी तेवढीच असते.

मेळावा जानेवारीतल्या एका रविवारी असतो, लोणावळ्याजवळच्या एका शाळेच्या मैदानावर. जागा ठरवतानाच असं बघितलं की मुंबई-ठाण्याच्या लोकांना घाट चढून यावा लागेल आणि पुणेकरांना वडगाव-कामशेतवरून सरळ. यावरून जी चेष्टामस्करी चालते ती विचारू नका, कारण घाट चढून आलेला माणूस मैदानात शिरताना छाती काढूनच शिरतो, आणि पुण्याचे लोक बरोबर तेव्हाच चहाचा कप पुढे करून विचारतात, काय, ओलं फडकं किती वेळा?

हे ओलं फडकं म्हणजे काय ते नवीन लोकांना सांगायला पाहिजे. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनलाच लागून असतो. बोरघाटात पुढे ट्रक लागला की सेकंड गिअरमध्ये घसटत चढायचं, वारा लागत नाही, इंजिन तापतं आणि पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, मग कार्बोरेटरला पेट्रोल पोचतच नाही आणि गाडी दोन झटके खाऊन बंद पडते. तेव्हा करायचं काय, तर बाजूला घ्यायची, मागच्या चाकाला दगड लावायचा, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि गप बसायचं. रेडिएटरचं झाकण काही झालं तरी उघडायचं नाही, ते उघडून हात भाजून घेतलेली माणसं मी बघितलीत. थोड्या वेळाने सेल मारला की गाडी काही झालंच नाही अशी सुरू होते. पण या थांबण्यातच खरी मजा असते, कारण मंडळातली एक गाडी थांबली की मागून येणारी प्रत्येक गाडी थांबते, थांबलंच पाहिजे असं काही नाही, पण थांबतातच. डिकीतून थर्मास निघतात, कुणाच्या डब्यात धपाटे असतात, खोपोलीला बांधून घेतलेले वडे निघतात, आणि पुढे शिंग्रोबाच्या देवळाशी सगळ्या गाड्या परत हळू होतात. घाटाची वाट दाखवणाऱ्या त्या धनगराला नाणं टाकल्याशिवाय जुना ड्रायव्हर घाट चढत नाही, आणि आमच्या मंडळातल्या विशीतल्या पोरांनीही ते आपसूक उचललंय. मला ते फार आवडतं.

मैदानात पोचलं की सकाळचा पहिला कार्यक्रम मिस्त्रींचा सत्कार. शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. दर वर्षी एका उस्तादाला बोलावतो, कुणी भायखळ्याचा, कुणी नाना पेठेतला, कुणी कोल्हापूरचा. ही माणसं भाषण करत नाहीत, त्यांना माइक दिला की ती लाजतात. मग आम्ही शिकलो, माइक द्यायचा नाही, गाडी द्यायची. एकदा असेच एक उस्ताद आले होते, वय झालेलं, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, त्यांना एका पद्मिनीपाशी खुर्ची दिली आणि म्हटलं, उस्ताद, पिकअप नाही गाडीला. त्यांनी इंजिन चालू करायला सांगितलं, मान वाकडी करून ऐकलं, प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करायला लावला आणि दोन बोटांनी तो अगदी किंचित फिरवला. आवाज भरला. मग बंद करून त्यातले पॉइंट बघितले, पॉलिश पेपर मारला, फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पट्टी, कुणाच्या हाताशी नव्हता तर हॅकसॉ ब्लेडचा तुकडा मागून त्याने गॅप लावला. आणि हे सगळं करताना शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराला शिकवत होते, एक-तीन-चार-दोन, बेटा, प्लगच्या वायरी या क्रमाने, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. तो पोरगा आज मंडळातल्या निम्म्या गाड्यांचं ट्यूनिंग करतो. उस्ताद आता नाहीत.

हेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. या गाड्यांची मॅन्युअल मिळतात, स्कॅन करून ठेवलेली आहेत, पण आपल्याकडच्या धुळीत, आपल्याकडच्या उन्हात गाडी कशी वागते ते त्यात नाही. ते माणसांकडे आहे, आणि ती माणसं वर्षातून एकदा एका मैदानावर येतात.

पोरांची गर्दी मात्र हेराल्डपाशी. ठाण्याच्या एक वहिनी ती चालवत आणतात, सासऱ्यांची गाडी आहे, मद्रासला बनलेली. हेराल्डचं नुसतं बॉनेट उघडत नाही, मडगार्ड आणि दिव्यांसकट पूर्ण तोंडच पुढे कलतं, त्यामुळे चाकं, सस्पेन्शन, स्टिअरिंगचे रॉड सगळं उघडं दिसतं. वहिनी पोरांना चाकावर बसू देतात, कुठला रॉड काय करतो ते दाखवतात आणि मग मैदानाच्या कोपऱ्यात गाडी गर्रकन वळवून दाखवतात, एवढ्याशा जागेत वळणारी गाडी आजही सापडणं मुश्किल. त्यानंतर अॅम्बेसेडरला हँडल मारायचा, म्हणजे पुढून दांडा फिरवून इंजिन सुरू करायचा कार्यक्रम. इथे मोठी माणसं कडक होतात, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही, उलटा झटका आला तर अंगठा जातो. प्रत्येक पोराचा हात स्वतः बघितल्याशिवाय हँडल देत नाहीत.

आणि हँड गिअर! स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, म्हणून पुढे सलग सीट आणि तिघं आरामात, मांडीवर चौथं. पद्मिनीच्या एस-वन मॉडेलला खाली गिअर आला तोवर कितीतरी लोक हँड गिअरवरच शिकलेले. मेळाव्यात दुपारी ज्यांना शिकायचंय त्यांना मैदानात एक चक्कर देतात, मालक शेजारी बसतो आणि एक शब्द बोलत नाही, हा पण मोठेपणाच आहे, स्वतःची गाडी दुसऱ्याच्या हातात कुरकुरताना ऐकत गप्प बसणं सोपं नसतं.

वाद होतात, व्हायलाच पाहिजेत. पूर्वीचा कायमचा वाद म्हणजे ओरिजिनल ठेवायची की एसी, डिस्क ब्रेक वगैरे बसवायचं. माझं मत स्पष्ट आहे, गाडी रोज रस्त्यावर काढत असाल तर ब्रेक सुधारा, बाकी हात लावू नका. 2021 पासून नंबराचा वाद आला, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीज, पहिल्या नोंदणीला 20,000 रुपये, पण मग गाडी प्रदर्शनाला, रॅलीला वगैरेच काढायची, रोजच्या वापराला नाही. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, त्यामुळे बहुतेकांनी आपला जुना नंबर सोडलेला नाही, आणि बरं केलं. आता सगळ्यांच्या तोंडी वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुने रबरी पाइप फुगतात, पेट्रोल पंपातला पडदा, म्हणजे डायफ्रॅम, कडक होतो, गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टाकीत पाणी धरतं. गेल्या मेळाव्यात यावर झाडाखाली जी बैठक बसली ती दुपारची संध्याकाळ होईपर्यंत, आणि तिथून निघालेला सल्ला असा की पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणारे टाकून घ्या, टाकी भरून गाडी उभी ठेवू नका, आठवड्याला निदान एकदा तरी चालवा.

2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली पद्मिनी टॅक्सी बंद झाली, 2003 साली नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षं भरली म्हणून. त्यानंतरच्या जानेवारीत आम्ही टॅक्सी चालवून निवृत्त झालेल्या एका चाचांना पाहुणे म्हणून बोलावलं. ते एसटीने आले. त्यांच्याकडे गाडी उरलेली नव्हती. मैदानात सगळ्या रंगीत, चकचकीत पद्मिनी बघून ते आधी नुसतेच फिरत राहिले, मग एकीच्या सीटवर बसले आणि बोलायला लागले. इंजिन किती वेळा बोअर केलं, बाहेर लावलेला मीटर पाडताना होणारा तो आवाज, पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की एक्सिलरेटर सोडायचा नाही म्हणजे सायलेन्सरमध्ये पाणी शिरत नाही, कॅरिअरवर सामान बांधायची गाठ कशी मारायची. ती गाठ त्यांनी आम्हाला करून दाखवली, सुताची दोरी मागवून. आम्ही सगळे हौसेने गाडी बाळगणारे, त्यांनी त्याच गाडीवर घर चालवलं, मुलींची लग्नं केली. त्या दिवशी बोलायला दुसरं कुणी उठलंच नाही, सगळे ऐकत बसले. जाताना त्यांना एसटीने जाऊ दिलं नाही, दादरपर्यंत पद्मिनीतून सोडलं, आणि घाट उतरायला गाडी त्यांच्याच हातात दिली.

संध्याकाळी निघायच्या आधी चादरी अंथरल्या जातात. ज्याच्याकडे जे जास्तीचं आहे ते मांडायचं, हबकॅप, टेललॅम्पच्या काचा, सोलेक्स कार्बोरेटरचे जेट, दाराची हँडलं, कुणाच्या माळ्यावरून निघालेला अख्खा डॅशबोर्ड. कुर्ल्याच्या भंगारात, पुण्याच्या जुन्या बाजारात रविवार घालवून गोळा केलेला माल. पैसे घ्यायचे नाहीत, बदल्यात काही द्यायचं किंवा पुढच्या वर्षी देईन म्हणायचं, आणि लोक ते लक्षात ठेवतात, खरंच ठेवतात.

तर जानेवारी जवळ आलाय. घाटाने येणाऱ्यांनी फॅन बेल्ट जास्तीचा ठेवा आणि पाण्याचे कॅन भरून घ्या. आणि माझी एक विनंती, डुक्कर फियाटचं पुढचं डावं दार, ते मागे बिजागरी असलेलं उलटं उघडणारं, त्याचं आतलं लॉक कुणाकडे पडलेलं असेल तर प्लीज चादरीवर आणा, माझ्याकडे सुपर सिलेक्टच्या टेललॅम्पची जोडी आहे, ती घेऊन जा.