मागील बाकी, अर्धा पाइंट

शनिवार, रात्री साडेअकरा

कोट खुंटीला लावताना खिशात पाच पौंडांची नोट हाताला लागली. दुपारी लेंडल पुलावर उभं राहून पाकिटातून काढून वेगळी ठेवलेली. ती आज खर्च व्हायला हवी होती. झाली नाही, म्हणून लिहायला बसलोय. पाय दुखताहेत, झोपही आलीय, पण आडवा झालो तरी डोक्यात तेच फिरणार.

दर मार्चला एका मित्राबरोबर इंग्लंडातल्या यॉर्क शहराची बिअरची फेरी ठरलेली. लीड्सहून गाडीनं पंचवीसेक मिनिटं, मग दिवसभर पायी, पाच-सहा पब, प्रत्येक ठिकाणी अर्धाच पाइंट. अर्धा म्हणजे २८४ मिलिलिटर. पूर्ण पाइंट घेत गेलं तर तिसऱ्या पबनंतर जीभ काही सांगत नाही, हा नियम त्या मित्रानंच घालून दिलेला. तो आता पुण्यात. ही म्हणाली, "एकटा कशाला जातोस?" थोड्या वेळानं म्हणाली, "जाऊन ये." या दोन वाक्यांच्या मध्ये काय होतं ते मी विचारलं नाही.

सुरुवात नेहमीप्रमाणे स्टेशनातच, यॉर्क टॅपमध्ये. १९०७ साली प्रवाशांसाठी बांधलेली चहाची खोली, २०११पासून पब. मधोमध गोल काउंटर, वरून काचेतून येणारा उजेड. मागच्या वर्षी आम्ही तिथं गाड्यांच्या वेळा ऐकत बसलो होतो. आज मी ग्लास संपवला आणि उठलो.

मग मॉल्टिंग्ज. लेंडल पुलाच्या पायथ्याशी, बाहेरून काळाभोर, आत भिंतीभर जुन्या जाहिरातींचे पत्रे. पाऊस लागला होता, जागा नव्हती. चार वयस्क गृहस्थ बसले होते, त्यांनी बाक सरकवून मला जागा करून दिली. मी पंपांकडे बघत होतो तर त्यांच्यातले टोपीवाले उठले, सगळ्यांना विचारत विचारत माझ्यापाशी आले आणि त्याच ओघात मलाही विचारलं, काय घेणार? मी गोंधळून एका बिअरचं नाव घेतलं, ब्लॅक शीप, अर्धा. ते काउंटरवर गेले, पाच ग्लास घेऊन आले, माझा माझ्यासमोर ठेवला आणि आधीचं बोलणं पुढे सुरू केलं.

मी इतक्या वर्षांत राउंड पाहिलाय, ऑफिसच्या लोकांत दिलाही आहे. एकानं सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. कोण कुणाला आठवण करून देत नाही, पण कुणाचा नंबर आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ग्लास तळाला आल्यावर मी पाकीट काढून उभा राहिलो. टोपीवाल्यांनी नुसता तळहात खाली केला. "यू आर ऑल राइट, लॅड." मी म्हणालो, नाही, नाही, माझा नंबर. "यू आर ऑल राइट." त्यांच्यातलाच दुसरा उठून गेला होता. मी आभार मानले, छत्री घेतली आणि बाहेर पडलो.

पुलावर आलो आणि पोटात खड्डा पडला.

कारण आमच्याकडे "राहू दे" ही सुरुवात असते. पालघर स्टेशनबाहेर चहाच्या गाडीवर चार माणसं दहा रुपयांसाठी एकमेकांचे हात धरतात. एक जण नोट पुढे करतो, दुसरा ती त्याच्या खिशात कोंबतो, तिसऱ्यानं आधीच गुपचूप दिलेले असतात आणि मग सगळे त्याच्यावर चिडतात. दोनदा नाही म्हटल्यावर जो पाकीट आत ठेवतो, त्याच्याबद्दल माघारी बोललं जातं. आणि मी ठेवलं. इथली माणसं म्हणतात तेच त्यांच्या मनात असतं, असं धरून चालून ठेवलं. तसं असतं का? "यू आर ऑल राइट" म्हणजे गरज नाही? की तू आमच्यात मोजलेला नाहीस, तुझ्याकडून काही अपेक्षा नाही? पाहुण्याकडून पैसे घेत नाहीत, हे ठीक. पण मी पंधरा वर्षं इथं राहतो. मी अजून पाहुणा आहे का?

हे मनात घेऊनच पुढची फेरी केली आणि त्यामुळे तिची चव गेली. राजाच्या घाटावर किंग्ज आर्म्स या पबपाशी थांबलो. ऊझ नदी तिथं दाराशी असते. कोणत्या वर्षी पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा आहेत. २००० सालच्या नोव्हेंबरात नदी नेहमीपेक्षा सुमारे ५.४ मीटर वर आली होती. ही खूण तो दर वर्षी हात वर करून मोजायचा. मी हात वर केला नाही. एकट्यानं ते बरं दिसलं नसतं.

ब्लू बेल इतकं लहान आहे की गर्दीत दारातूनच परतावं लागतं. दोन चिमुकल्या खोल्या, बाजूनं बोळ, आतली लाकडी मांडणी १९०३ सालची, तशीच राखलेली. आम्हाला दोघांना तिथं कधी नीट बसायला मिळालं नाही. आज एका माणसापुरती जागा होती. बसलो. कुणी काही विचारलं नाही, आणि मला तेही लागलं. म्हणजे विचारलं तरी त्रास, नाही विचारलं तरी त्रास. हे लिहिताना दिसतंय, तिथं दिसत नव्हतं.

मग रूबी माइल्ड नावाची बिअर घेतली, रडगेट कारखान्याची. यॉर्कजवळच टॉकविथला होते, २००९ साली देशातली सर्वोत्तम ठरली होती. गडद, थोडी भाजक्या धान्याची चव, थंडगार नाही. खरी एल, म्हणजे अशी जुन्या पद्धतीची बिअर, थंडगार द्यायचीच नसते, तळघरातल्या अकरा ते तेरा अंशांवर द्यायची. ही बिअर पिंपात पोचते तेव्हा यीस्ट जिवंत असतं, तळघरात ती पुन्हा थोडी आंबते, वरून गॅस भरत नाहीत, हातपंपानं ओढून काढतात. एकदा पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबट होते. नऊ गॅलनचं पिंप म्हणजे बहात्तर पाइंट. तेवढे पिणारे आले नाहीत तर पबवाल्याचं नुकसान. १९७१ साली चार मित्रांनी या बिअरसाठी चळवळ उभी केली नसती तर हातपंप आज कुठल्या तरी संग्रहालयात असते. मला ही बिअर आवडते ती या नाजूकपणामुळे. तिच्यासाठी माणसं यावी लागतात.

आणि एक गोष्ट मी इथं कुणाला सांगितलेली नाही. गाळ तळाशी बसून बिअर नितळ व्हावी म्हणून पुष्कळ ठिकाणी माशाच्या पोटातली पिशवी वापरतात. आमच्या सातपाटीला घोळ मासा कापला की बोत, म्हणजे तीच पिशवी, आधी वेगळं काढायचे, सुकवायचे, व्यापारी घेऊन जायचे. मी बाबांना विचारलं होतं, तिकडे त्याचं काय करतात? "दारू गाळतात," म्हणाले, आणि हिशेबाच्या वहीतून मान वर केली नाही. बाबांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. मी घेतो हे त्यांना सांगायचं राहिलं.

बिशपहिलला गोल्डन बॉलमध्ये गेलो तेव्हा जरा बरं वाटलं. २०१२पासून तो पब सहकारी आहे. गल्लीतल्या लोकांनी भाग घेऊन चालवायला घेतला. मच्छिमार सोसायटीच्या आवारात वाढलेल्या माणसाला सभासद, भाग, वार्षिक सभा हे शब्द भिंतीवर दिसले की कुणी ओळखीचं भेटल्यासारखं होतं. तिथं काउंटरवरच्या बाईंना मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, परत जा आणि त्यांच्यासाठी एक काउंटरवर पैसे भरून ठेव, आले की घेतील. एवढं साधं. मला का सुचलं नाही?

पाच वाजता पुन्हा मॉल्टिंग्ज. बाकावर दुसरीच माणसं. काउंटरवरच्या मुलाला म्हणालो, दुपारचे टोपीवाले, त्यांच्यासाठी. त्यानं विचारलं, कोणते? नाव? मला नाव माहीत नव्हतं. त्यांनी माझं विचारलं नव्हतं आणि मी त्यांचं. वय झालेले, पांढऱ्या मिशा, टोपी. तो हसला, वाईट नव्हता हसला. शनिवारी तसे दहा येतात, म्हणाला.

गाडीत खिडकीशी बसून पुन्हा तेच. त्यांनी तळहात कसा खाली केला ते आठवत राहिलो. घाईनं नव्हता केला. लहान मुलाला बस म्हणतात तसाही नव्हता. बाबा सोसायटीत कुणी दोन रुपये जास्त दिले की असाच हात करायचे, राहू दे, नंतर बघू. आणि ते नंतर खरंच बघायचे. मार्चअखेरीला वह्या घरी यायच्या, कंदील लावून बेरजा. एका होडीवाल्याची डिझेलची चाळीस रुपये बाकी होती. होडी विकली गेली होती, माणूसही गावात नव्हता. सोसायटीत म्हणायचे, सोडून द्या. बाबा दर वर्षी ती ओळ नव्या वहीत पहिल्या पानावर उतरवून काढायचे, त्याच सुबक अक्षरात. मी म्हणायचो, बाबा, हा देणार आहे का? ते म्हणायचे, देईल न देईल, बाकी आहे ती आहे.

तिकडे आता पहाटेचे पाच. आई उठली असेल. तिचा फोन दुपारी आला होता, पुलावर असताना, घेतला नाही. उद्या करतो.

नोट पाकिटात परत ठेवलेली नाही, कोटातच राहू दे. आपल्याकडेही मार्च आहे. देणे: अर्धा पाइंट, ब्लॅक शीप, मॉल्टिंग्ज, यॉर्क, टोपीवाले, नाव नाही. पुढील पानावर.