दिवाळीनंतरचा मेळघाट: गाडी सुटण्याआधीचे आठ दिवस

परतवाड्याहून धारणीची एसटी घटांग ओलांडते आणि दोन्ही बाजूंनी साग दाटत जातो. सेमाडोह, हरिसाल मागे टाकून धारणी तालुक्यातल्या एका ढाण्यावर, म्हणजे कोरकूंच्या वस्तीवर, पोचले, तेव्हा दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सोयाबीन निघालं की कोरकू आदिवासी कुटुंबं कापूस वेचायला, संत्र्याच्या बागांत नाहीतर वीटभट्टीवर जातात, ती थेट होळीला परततात.

ढाण्याच्या कडेला तीन सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती जोगिणी, राहतात. एक केरळची, दोघी झारखंडच्या. तिघी कोरकू बोलतात. मराठी त्यांना तहसीलसाठी लागते. पहाटेची प्रार्थना झाली की वजनकाटा आणि जाड वही घेऊन त्या बाहेर पडतात. या आठ दिवसांत जे राहून जाईल, ते पुढचे चार महिने राहून जातं. म्हणून मला त्यांचं हेच काम सगळ्यात मोलाचं वाटतं.

वहीत घरागणिक एक पान असतं. कोण जाणार, कोणत्या गावाला, मजूर नेणारा मुकादम कोण, त्याचा फोन, उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती घेतली. उचलीचा आकडा घरच्यांच्या वहीतही तारखेसकट लिहून देतात, कारण हिशेबाच्या दिवशी तोंडी आकडा नेहमी फुगलेलाच निघतो. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे मिळते आणि नवरा-बायकोचं काम नवऱ्याच्या एकाच नावावर चढतं. त्यामुळे रोज संध्याकाळी थापलेल्या विटा स्वतः मोजून लिहायच्या आणि पावसात भिजून गेलेल्या वेगळ्या मांडायच्या, हे त्या बायकांना बसवून शिकवतात.

मग राशन. प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि ते जिथे कामाला जाल तिथल्या दुकानातही उचलता येतं. अडतं ते थमवर, म्हणजे अंगठ्याच्या ठशावर. माती-विटांत बोटांच्या रेषा झिजतात, मशीन अंगठा घेत नाही आणि माणूस रिकाम्या पिशवीने परत फिरतो. यावर सिस्टरांचा उपाय साधा आहे. निघण्याआधी गावच्याच दुकानात घरातल्या प्रत्येकाचा थम लावून बघायचा. ज्याचा लागत नाही, त्याला धारणीला नेऊन आधारमधले ठसे नव्याने द्यायचे. जाणाऱ्यांत एक आणि मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांत एक, असे निदान दोन थम चालू हवेत. दोन्हीकडे आपापल्या वाट्याचं धान्य मग निघू शकतं.

सगळ्यात जास्त वेळ जातो लेकरांवर. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड टेपने मोजतात. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये खूण करायची, हात सैल सोडायचा. टेप आवळली तर माप कमी येतं, ढिली राहिली तर आजारी मूलही ठीक दिसतं. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा मध्यम. त्यानंतर दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरतात. दोन्हीकडे खड्डा राहिला, तर टेप काहीही सांगो, मुलाला दवाखान्यात न्यायचंच. घोडं अडतं ते इथे. दवाखान्यात राहायचं म्हणजे आईची मजुरी बुडते आणि उचल तर आधीच खर्चून झालेली असते. अशा वेळी एक सिस्टर मुकादमाशी बोलते. नुसतं आईला समजावत बसण्यापेक्षा हे फार खरं काम आहे.

जाणाऱ्या लेकरांचं माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालतात. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस राहिली असेल, तर तारखेवर लाल खूण. गरोदर बाईच्या कार्डामागे बाळंतपणाची अंदाजे तारीख मोठ्या अक्षरात आणि खाली सिस्टरांचा नंबर.

त्यांच्या खोलीत सिस्टर राणी मारिया यांचा फोटो आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात, उदयनगर भागात, भूमिहीन मजुरांना सावकारीतून सोडवण्यासाठी त्या झटल्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी चालत्या प्रवासात बसमधून ओढून त्यांचा खून झाला. २०१७ मध्ये इंदूरला चर्चने त्यांना ‘धन्य’ घोषित केलं; संतपदाच्या आधीची ही पायरी. उचलीची वही त्या फोटोखालीच ठेवलेली असते.

मी पोचल्याच्या चौथ्या दिवशी पहाटे मुकादमाची गाडी आली. भांडी, वाकळा, कोंबड्यांची टोपली आधी चढली, मग माणसं. सिस्टर टॉर्च घेऊन फाळक्याजवळ उभ्या होत्या. ‘‘माय, पाकीट कुठं आहे?’’ प्रत्येकीला विचारत होत्या. एकीने पोलक्यातून काढून दाखवलं. दुसरीचं घरात राहिलं होतं; गाडी थांबवून तिचा पोरगा धावत जाऊन घेऊन आला.